नाकावरचा खर्च

चष्म्यावर पैसे घालताना मी कधी हात आखडता घेतला नाही, आणि त्याचं मला थोडं कौतुकही होतं. माझा हिशेब असा: पैठणी वर्षातून एकदा-दोनदा कपाटाबाहेर येते, तरी तिच्यावर वीस-पंचवीस हजार घातले तर घरात कोणी ब्र काढत नाही. चष्मा मात्र सकाळी उशाशेजारून उचलायचा आणि रात्री उशाशेजारीच ठेवायचा. मधले सगळे तास तो तोंडावर. भेटलेला माणूस आधी चष्मा बघतो, मग मला. अशा वस्तूला पैसे लागले तर लागू देत. त्यातून माझं काम मुद्रितशोधनाचं. दुसऱ्यांच्या वेलांट्या आणि रफार सांभाळण्यात आयुष्य चाललेलं. डोळ्यांवरच माझं पोट आहे, हे वाक्य मी दुकानात आणि घरात सारख्याच ठसक्यात म्हणायचे.

या हिशेबाच्या जोरावर मी गेली काही वर्षं इटालियन नावांच्या फ्रेम वापरल्या. शेवटची साडेसोळा हजारांची होती. गडद तपकिरी, मध्ये मधाच्या रंगाचे ठिपके, आणि काडीवर बारीक सोनेरी अक्षरं. ती अक्षरं माझ्या केसांखाली झाकली जायची, पण ती तिथे आहेत हे मला ठाऊक असायचं. मीटिंगमध्ये बोलता बोलता चष्मा काढून टेबलावर ठेवायची सवय मला ती फ्रेम घेतल्यानंतरच लागली, हेही सांगून टाकते.

माझ्या थोरल्या जाऊबाईंची तऱ्हा नेमकी उलटी. त्या स्टेशनबाहेरच्या हातगाडीवरून दीडशे रुपयांची चाळिशी घेतात, आणि एकदम दोन-तीन घेतात. एक देवघरात पोथीजवळ, एक ओट्यावर, एक शिवणाच्या डब्यात. “अहो वहिनी, डोळे आहेत ते,” मी म्हणायचे. “माझेच आहेत, आणि त्यांना दिसतंय,” असं म्हणून त्या सुईत दोरा ओवून दाखवायच्या. यावर माझ्याकडे उत्तर नसायचं, पण मत असायचं.

ते मत आता बदललं आहे. मात्र ज्या कारणाने बदलायला हवं होतं त्या कारणाने ते बदललं नाही.

बदलायला हवं होतं ते कारण मला फार आधीपासून माहीत होतं. फ्रेमवरचं नाव आणि ती बनवणारा कारखाना यांचं नातं अगदी सैल असतं. इटलीच्या उत्तरेला, डोलोमाइट डोंगरांत आगोर्दो नावाचं गाव आहे. मिलानच्या अनाथाश्रमात वाढलेल्या लिओनार्दो देल वेक्किओ यांनी १९६१ मध्ये तिथे फ्रेमचे सुटे भाग बनवायला सुरुवात केली. त्यातूनच पुढे लक्झॉटिका ही कंपनी झाली. तिने १९९९ मध्ये रे-बॅन विकत घेतली, २००७ मध्ये ओकली. प्राडा, शनेल, व्हर्साचे, बर्बेरी ही नावं तिच्या मालकीची नाहीत, ती परवान्यावर घेतलेली. फॅशनघराने नाव द्यायचं आणि नमुन्याला मान डोलवायची. फ्रेम बनवायची, पोचवायची आणि पुष्कळदा विकायचीही लक्झॉटिकाने. अमेरिकेतली लेन्सक्राफ्टर्स आणि आपल्याकडच्या मॉलमध्येही दिसणारी सनग्लास हट ही दुकानं तिचीच. २०१८ मध्ये ती आणि काचा बनवणारी फ्रान्सची एसिलॉर एक झाल्या. फ्रेम, काच आणि दुकान तिन्ही एकाच घरात.

यातलं आर्मानीचं उदाहरण मला विशेष आवडतं. १९८८ पासून आर्मानीचे चष्मे लक्झॉटिका बनवायची. २००३ च्या सुमारास ते नाव तिच्या प्रतिस्पर्ध्याकडे, साफिलोकडे गेलं आणि २०१३ मध्ये परत आलं. गुचीचं नावही साफिलोकडे होतं. २०१७ पासून गुचीच्या मालकांनी, म्हणजे केरिंगने, ते आपल्याच चष्मा कंपनीकडे घेतलं. काडीवरची अक्षरं तीच, कारखाना दुसरा. रे-बॅन घेऊन परदेशी माल वापरल्याच्या आनंदात असलेल्या किती जणांना ठाऊक असतं, की इथे विकल्या जाणाऱ्या कितीतरी रे-बॅन राजस्थानातल्या भिवाडीत तयार होतात? त्याच भिवाडीत लेन्सकार्टचाही मोठा कारखाना आहे.

हे कळल्यावर माणसं चिडतात. ‘लूट आहे सगळी’ म्हणतात. मी चिडले नाही. नावाचे पैसे आपण देतोय हे मला कळत होतं आणि ते मी राजीखुशीने देत होते. २०२० च्या ऑगस्टमध्ये इंग्लंडात ब्रिस्टलच्या एका लिलावात गांधीजींचा सोनेरी मुलाम्याचा गोल चष्मा २ लाख ६० हजार पौंडांना गेला, म्हणजे तेव्हाचे अडीच कोटी रुपये. त्यात धातू कितीचा, हे कोणी विचारलं नसणार. माझी हौस त्याच जातीची, फक्त नाव जरा कमी पुण्यवान.

आणि फ्रेम खरोखर चांगली होती, हे तिच्या बाजूने सांगितलंच पाहिजे. ती सेल्युलोज ॲसिटेटची होती. या प्लास्टिकचं मूळ कापसात किंवा लाकडाच्या लगद्यात असतं, आणि ते गरम केलं की वाकतं. माझं नाक किंचित डावीकडे कललेलं आहे. दुकानदार फ्रेम गरम करून, काड्या जराशा वाकवून ती त्या नाकावर अशी बसवायचा की मान खाली घालून तासन्‌तास प्रुफं वाचली तरी घसरायची नाही. साच्यात ओतलेल्या स्वस्त फ्रेम गरम केल्या तरी अशा ऐकत नाहीत. बिजागरी भक्कम, स्क्रू कधी ढिला झाला नाही. पुढे जे सांगणार आहे त्यात या फ्रेमचा काही दोष नाही.

मत बदललं ते एका मोजपट्टीने.

पन्नाशीच्या आसपास माझा जवळचा नंबर इतका वाढला की कागद, संगणक आणि समोरचा माणूस हे तिन्ही एका चष्म्यातून दिसेनात. बायफोकलची रेघ मला नको होती. (तीही हौसच.) म्हणजे प्रोग्रेसिव्ह. मी माझी लाडकी फ्रेम घेऊन दुकानात गेले आणि म्हटलं, फ्रेम हीच राहू दे, काचा नव्या घाला. तिथल्या तरुण ऑप्टोमेट्रिस्ट मुलीने फ्रेम माझ्या डोळ्यांवर चढवली, समोर बसून डमी काचेवर बाहुलीच्या जागी मार्करने टिंब केलं, फ्रेम उतरवली आणि टिंबापासून खालच्या कडेपर्यंत पट्टी लावली. “मॅडम, तेरा मिलिमीटर येतंय. अठरा तरी हवं होतं. काच बसवून देईन मी, पण तुमची वाचायची जागाच कापली जाईल.”

प्रोग्रेसिव्ह काचेत नंबर वरून खाली सावकाश बदलत जातो. वर लांबचं, मध्ये संगणकाचं, खाली वाचायचं, आणि या तिघांना जोडणारी एक चिंचोळी गल्ली. पॅरिसच्या एसेल कंपनीतल्या बर्नार मेतेनाझ या तरुण इंजिनिअरने ही काच घडवली आणि १९५९ मध्ये ती व्हॅरिलक्स या नावाने बाजारात आली. वडिलांना बायफोकलचा होणारा त्रास बघून त्याला हे सुचलं, असं सांगतात. एसेल आणि सिलॉर या दोन कंपन्या १९७२ मध्ये एकत्र आल्या, तीच एसिलॉर. पण या काचेत एक अडचण जन्मजात आहे. १९६३ मध्ये मिंकविट्झ नावाच्या जर्मन गणितज्ञाने दाखवून दिलं, की मधल्या रेषेवर नंबर ज्या वेगाने बदलतो त्याच्या दुप्पट वेगाने तिच्या दोन्ही अंगांना धूसरपणा वाढतो. गल्ली आखूड केली की नंबर घाईघाईने बदलावा लागतो. मग गल्ली आणखी चिंचोळी होते आणि कडेचा धूसर भाग फुगतो. हे कोणत्याच कंपनीला चुकवता येत नाही. महागड्या काचेत तो धूसर भाग कुठे ढकलला म्हणजे कमी जाणवेल याचा विचार जास्त केलेला असतो, इतकंच.

म्हणजे माझ्या फ्रेमची ती नाजूक, आखूड उंची, जिच्यावर मी भाळले होते, तीच आता आड येत होती. ती मुळात आखली होती मी बरी दिसावी म्हणून. मला नीट दिसावं, ही त्या आखणाऱ्याची काळजी नव्हती आणि तशी ती असायचं कारणही नव्हतं.

मला राग आला, तो त्या मुलीचा. गोड बोलून काचा बसवून दिल्या असत्या तर काय बिघडलं असतं, असं वाटलं. घरी येऊन जुनी बिलं काढली, ती खरं तर ती फ्रेम किती मोलाची आहे हे स्वतःलाच पटवायला. फ्रेम साडेसोळा हजार, काचा दोन हजार तीनशे. त्याआधीची फ्रेम बारा हजार, काचा अठराशे. दरवेळचा क्रम माझ्या डोळ्यांसमोर आला. आधी आरशासमोर फ्रेम निवडण्यात तास जायचा, त्यात पाकीट रिकामं व्हायचं, आणि मग काउंटरवरून प्रश्न यायचा, “काचा कुठल्या घालू?” मी म्हणायचे, “साध्या घाला.” डोळ्यांवर पोट असल्याचं सांगत फिरणारी मी ज्यातून दिसतं त्याला एकूण खर्चाचा आठवा हिस्सा देत होते आणि जे त्याला धरून ठेवतं त्याला उरलेलं सगळं.

चष्म्याला पैसे मोजावेत, हे मी आजही म्हणते. पण तेव्हा मी फ्रेमलाच चष्मा समजत होते.

मग काचांविषयी वाचायला लागले, आणि तिथेही महाग ते चांगलं हे गणित चालेना. साधी प्लास्टिकची काच, जिला दुकानदार सीआर-३९ म्हणतात, ती १९४० च्या दशकातली. वक्रीभवनांक १.५, म्हणून मोठ्या नंबरात जाड होते. पण तिच्यातून रंग फुटत नाहीत. हे मोजायला ॲबे नावाचा अंक वापरतात. तो जितका जास्त तितकी काच कडेलाही स्वच्छ. सीआर-३९ चा अंक ५८. पॉलिकार्बोनेटचा ३०. ‘हाय इंडेक्स’ म्हणून दुपटी-तिपटीच्या भावाने मिळणाऱ्या १.६७ च्या काचेचा ३२ च्या आसपास. म्हणजे पातळपणासाठी पैसेही द्यायचे आणि स्वच्छपणाही थोडा सोडायचा. मोठा नंबर असेल तर हा सौदा परवडतो. माझ्या भावाचा नंबर उणे दीड. त्यालाही एका दुकानात १.६७ ची काच गळ्यात मारली. त्या नंबरात पातळ करण्यासारखं होतंच काय? पॉलिकार्बोनेट सहजासहजी फुटत नाही, म्हणून मुलांच्या चष्म्याला तेच घ्यावं. मला संगणकासमोर बसायला त्याची गरज नव्हती.

‘ब्लू कट’चंही तसंच. संगणकावर काम करते म्हटलं की ते आपोआप बिलात येतं. कॉक्रेन या संस्थेने २०२३ मध्ये सतरा चाचण्यांचा आढावा घेतला. निळा प्रकाश गाळणाऱ्या काचांनी संगणकाने येणारा डोळ्यांचा शीण कमी होतो असं त्यात दिसलं नाही, निदान थोड्या मुदतीत तरी. अँटीग्लेअर कोटिंग मात्र मी डोळे झाकून घेते. कोटिंग नसलेल्या साध्या प्लास्टिक काचेच्या दोन पृष्ठभागांवरून मिळून सुमारे आठ टक्के प्रकाश परत फिरतो. ट्यूबलाइटखाली प्रुफं वाचणाऱ्याला तो आठ टक्के फार छळतो. अनुस्वार आहे की कागदावरचा डाग, एवढ्यासाठी चष्मा काढून बघावं लागतं.

ऑनलाइन चष्म्यांना नाक मुरडायचीही माझी सवय होती. तिच्यावरचा उतारा प्रेन्टिसच्या नियमात सापडला. काचेचं केंद्र बाहुलीच्या समोर यायला हवं. ते सरकलं की काच प्रिझमचं काम करायला लागते. किती, तर केंद्र जितके सेंटिमीटर सरकलं त्याला नंबराने गुणायचं. उणे एकच्या काचेत चार मिलिमीटरची चूक झाली तर हिशेब ०.४ वर येतो आणि डोळे तो बहुधा निमूट सोसतात. उणे सहाच्या काचेत तीच चूक २.४ होते आणि दुपारपर्यंत डोकं धरतं. म्हणजे लहान नंबर, सिलिंडर (दृष्टिवैषम्याचा नंबर) नाही, प्रोग्रेसिव्ह नाही, अशा माणसाने मोबाइलवरून हजार-बाराशेचा चष्मा मागवला तर त्याला नावं ठेवायचं काही कारण नाही. मोठ्या नंबरवाल्याला आणि माझ्यासारखीला मात्र समोर बसून टिंब करणारं माणूस लागतं. त्या मुलीने माझं बाहुल्यांमधलं अंतर दोन्ही डोळ्यांचं वेगवेगळं मोजलं. नाक डावीकडे असल्यामुळे ते सारखं नव्हतंच. माझ्या आधीच्या चष्म्यांच्या वेळी ते कुणी वेगळं मोजल्याचं मला आठवत नाही, आणि मीही कधी विचारलं नव्हतं. मी आरशात बघत होते.

आणि वहिनी? हातगाडीवरच्या चाळिशीत दोन्ही काचांना एकच नंबर असतो, सिलिंडर नसतो, केंद्र सरासरी चेहऱ्याला धरून. वहिनींचे दोन्ही डोळे जवळपास सारखे, सिलिंडर नावाला, लांबचं अजून लख्ख. त्यांच्यापुरता दीडशेचा चष्मा पुरेसा आहे, हे मला कबूल करावं लागलं. दीडशेच्या चष्म्याची चेष्टा करणं मी पुरतंच थांबवलं ते आसामातल्या चहामळ्यांविषयी वाचल्यावर. चाळिशी ओलांडलेल्या साडेसातशे कामगारांवर तिथे एक प्रयोग झाला आणि २०१८ मध्ये तो ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’मध्ये छापून आला. निम्म्यांना जवळचं बघायचे साधे, स्वस्त चष्मे लगेच दिले, निम्म्यांना प्रयोग संपल्यावर. चष्मा मिळालेल्यांची पानं खुडण्याची कामगिरी बाकीच्यांपेक्षा सुमारे २२ टक्क्यांनी जास्त वाढली. तिथे मजुरी खुडलेल्या पानांच्या वजनाशी बांधलेली असते. या चष्म्यांच्या काडीवर काय लिहिलं होतं ते निबंधात नाही.

एका मुद्द्यावर मात्र मी वहिनींशी अजून भांडते. त्या डोळे तपासायला जात नाहीत. काचबिंदू हातगाडीवर कळत नाही आणि सुईत दोरा ओवला जातोय म्हणून तो नसतो असंही नाही. “जाईन गं एकदा,” म्हणतात.

माझा नवा चष्मा असा झाला: दोन हजारांच्या आतली देशी ॲसिटेटची फ्रेम, खाली पुरेशी खोल, माझ्या नाकावर गरम करून बसवलेली, आणि उरलेले सगळे पैसे काचांना. चांगली प्रोग्रेसिव्ह, साधाच वक्रीभवनांक, उत्तम कोटिंग. बिल जवळपास आधीच्याइतकंच झालं. सप्टेंबर २०२५ पासून नंबरच्या चष्म्यावरचा जीएसटी बारावरून पाच टक्क्यांवर आला, तेवढीच काय ती सवलत. माझं मत बदलल्याने माझे पैसे वाचले, असं कुणाला वाटलं असेल तर ते तसं नाही.

दिसायला मी या चष्म्यात काही विशेष दिसत नाही. शाळेतल्या पर्यवेक्षक बाईंची आठवण येते, असं नवरा म्हणाला. पहिले काही दिवस जिना उतरताना पायऱ्या पोहल्या, मग डोळ्यांना सवय झाली. आता टंकलेल्या पानावरची तुटकी वेलांटी मान न वाकवता दिसते. पण ओळखीचं कोणी भेटलं आणि त्याच्या नाकावर एखादी देखणी फ्रेम असली की माझी नजर आधी काडीकडे जाते, अक्षरं वाचायला. हे जाईल असं वाटत नाही. जुनी इटालियन फ्रेमही मी टाकलेली नाही. तिच्यात फक्त संगणकाच्या अंतराचा एकेरी नंबर घालून घेतला. एकेरी नंबराला तेरा मिलिमीटर रग्गड होतात. घरी काम करताना ती लावते.

मध्यंतरी वहिनींच्या मुलीला नवा चष्मा घ्यायचा होता. तिचा नंबर उणे सात, आणि तिला हवी होती गालापर्यंत येणारी मोठी चौकोनी फ्रेम, तीही नावाची. मी तिला सांगितलं की उण्या नंबरात काच कडेला जाड होत जाते, फ्रेम जितकी रुंद तितकी कड जाड. तेव्हा काडीच्या आत छापलेला आकडा बघ, पहिला काचेच्या रुंदीचा, दुसरा मधल्या पुलाचा, आणि दोन्हींची बेरीज तुझ्या बाहुल्यांमधल्या अंतराच्या जवळ राहू दे. तिने ऐकून घेतलं. चार दिवसांनी फोटो पाठवला: छोटी गोल फ्रेम, आत ४६ आणि २०, बेरीज ६६, तिच्या ६३ ला अगदी जवळची. किंमत अठरा हजार. मोजमापाच्या बाजूने मला बोलायला जागा उरली नव्हती आणि किमतीवर मी कोणत्या तोंडाने बोलणार?

“काचांना पैसे ठेवलेस ना?” एवढंच विचारलं.

“ठेवलेत काकू. तू चल ना बरोबर.”

गेले. तिच्या नंबराला १.६७ ची काच खरोखर उपयोगाची, ती घ्यायला लावली. अंतर दोन्ही डोळ्यांचं वेगळं मोजून घेतलं. ब्लू कट नको, त्याचा उपयोग नाही, हे तिला आणि काउंटरवरच्या मुलाला दोघांनाही समजावून सांगितलं. तिने ते तरीही घेतलं.